सावकाश हालचाल, सावध मन
(जांबे, ता. मुळशी येथे ज्येष्ठ उपासक-उपासिकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे 'ताई ची'. फळ्यावर हा शब्द लिहिला तेव्हा मागे बसलेल्या एका आक्कांनी विचारले, "ताईची म्हणजे कोणत्या ताईची?" आपण सगळे हसलात. पण नाव परके असले तरी वस्तू फार परकी नाही, हे तासाभरात आक्कांनाही पटेल अशी आशा आहे. ताई ची हा चीनमधला संथ हालचालींचा व्यायामप्रकार आहे. त्यात धावणे नाही, उड्या नाहीत, जमिनीवर बसणे-उठणे नाही. उभ्याने, श्वासाच्या लयीत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेत हात-पाय-कंबर सावकाश फिरवायची, एवढेच. आम्ही काही जण सकाळच्या वेळी एकत्र येऊन त्यातला एक छोटा क्रम करतो. तो आज आपल्यापुढे मांडायचा आहे, आणि शेवटी सगळ्यांनी उभे राहून करायचाही आहे.

पण त्याआधी हा विषय धम्माच्या मेळाव्यात का, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पडण्याची भीती

म्हातारपणी माणसाला मरणाची भीती वाटते असे म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. माणसाला मरणापेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि काल भाजी निवडणारी, नातवंडांना शाळेच्या गाडीपर्यंत सोडणारी बाई उद्यापासून खाटेवर पडून राहते. तिचे औषधपाणी करणाऱ्या सुनेची नोकरी अडते, मुलाच्या रजा संपतात. घरातले एक माणूस पडले की सारे घर पडते. आणि जे एकदा पडले आहेत ते दुसऱ्यांदा पडू नये म्हणून चालणेच सोडतात. चालणे सुटले की पायातली ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो आणि तोल गेला की पुन्हा पडणे येते. हे चक्र आपल्या अनेक घरांत फिरते आहे.

आपल्या गावचा पालटही यात भर घालतो. जांबे काय, मारुंजी काय, नेरे काय, ही भाताची गावे. शेणाने सारवलेली जमीन, कुडाची नाहीतर दगडमातीची घरे, आणि पायाखाली मऊ माती. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग आले, खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. म्हातारी माणसे गुळगुळीत फरशीवर राहायला गेली. फरशी ओली झाली की काचेसारखी. रस्त्यावर डंपर, टँकर आणि दुचाक्या. सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावे तर कडेला पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा चार हात जागेत, न पळता, न पैसे खर्चता, पाय भक्कम कसे ठेवायचे हा प्रश्न चैनीचा नाही. तो आपल्या स्वाभिमानाचा आहे. दुसऱ्याच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायावर उभे राहणे या शब्दांचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

विश्रांती हाही हक्क आहे

आणखी एक अडचण मनाची आहे. आपण कष्टकरी माणसे. कोणी देहूरोडच्या लष्करी डेपोत आयुष्य काढले, कोणी खडकीच्या कारखान्यात, कोणी पिंपरी-चिंचवडच्या पाळ्यांमध्ये. आमच्या मायबहिणींनी दुसऱ्याच्या खाचरात भात लावला, बांधकामावर घमेली वाहिली. शरीर म्हणजे राबण्याचे साधन, ही समजूत पिढ्यान्पिढ्या आपल्यावर लादली गेली. त्यामुळे सकाळी पंधरा मिनिटे नुसते उभे राहून हात हलवणे म्हणजे रिकामटेकडेपणा, असे मन आतून बोलते. "व्यायाम कशाला, जन्मभर काय कमी व्यायाम झाला?" असे आमच्याच वर्गात किती जणांनी विचारले आहे. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात शरीराचा एकच भाग झिजतो, आणि ते दुसऱ्याच्या घड्याळावर झिजते. व्यायामात सारे शरीर सारख्या प्रमाणात वापरले जाते, आणि घड्याळ आपले असते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मजुराला पगार हवा तसा फुरसतीचा वेळही हवा, कारण त्याशिवाय तो माणूस म्हणून वाढू शकत नाही, हा त्यामागचा विचार. ज्या महामानवाने आमच्यासाठी हे तास मिळवले त्यांनी स्वतःला मात्र विश्रांती दिली नाही. मधुमेह आणि पायांच्या वेदना सोशीत त्यांनी अखेरपर्यंत लेखन केले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होताना एवढे आपण ध्यानात ठेवावे की शरीराची हेळसांड करणे हे त्यांचे अनुकरण नव्हे. त्यांनी मिळवून दिलेल्या वेळेचा चांगला उपयोग करणे, हे अनुकरण आहे.

तथागतांची पाठ आणि सोणाची वीणा

आता धम्माकडे वळू. तथागतांनी शरीराचा तिरस्कार शिकवला नाही. सहा वर्षे देहदंड करून त्यांनी तो मार्ग सोडला आणि मध्यम मार्ग सांगितला, हे आपण सारे जाणतो. पण त्यांच्या स्वतःच्या शरीराविषयीचा एक प्रसंग आपण फार क्वचित सांगतो. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर तथागतांनी आनंदाला पुढे बोलायला सांगितले. कारण काय? त्यांची पाठ दुखत होती. ती थोडी ताणून मोकळी करावी म्हणून ते चीवराची चौपदरी घडी करून उजव्या कुशीवर पहुडले. मज्झिम निकायातील सेख सुत्तात हा प्रसंग आहे. भर सभेत पाठ दुखते असे सांगायला सम्यक् संबुद्धाला संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

कोसलचा राजा पसेनदी खादाड होता. भरपूर भात खाऊन धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मिताहाराचे महत्त्व सांगितले. राजाने ते वचन सुदस्सन नावाच्या तरुणाकडून पाठ करून घेतले आणि रोज जेवताना म्हणायला लावले, त्यासाठी त्याला दररोज शंभर कहापण देऊ केले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत गेले आणि शरीर हलके झाले. संयुत्त निकायातील ही गोष्ट आजच्या मधुमेहाच्या दवाखान्यात सांगण्यासारखी आहे. एकदम नव्हे, हळूहळू. आणि रोज कोणीतरी आठवण करून द्यायला हवे. आमच्या वर्गाचा पायाही हाच आहे.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची शक्ती येते, प्रयत्नांची शक्ती येते, रोग कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाहा, पाचांपैकी निम्म्याहून अधिक लाभ शरीराचे आहेत. सतिपट्ठान सुत्तात तर चालणे, उभे राहणे, बसणे आणि पहुडणे या चारही अवस्थांत स्मृती ठेवायला सांगितले आहे. हातपाय आखडताना आणि पसरताना जागृत राहायला सांगितले आहे. आपण मात्र ध्यान म्हटले की मांडी घालून बसणे एवढेच धरतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आहेत, भाजे येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचे शिबिर केंद्र आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे लाभ घेतला आहे. पण गुडघे धरल्यावर मांडी घालता येत नाही म्हणून ज्यांनी ध्यानच सोडले, अशीही माणसे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांनी उभ्याने स्मृती ठेवावी. ती कमी प्रतीची नाही.

आणि सोण भिक्षूची कथा विसरू नका. सोण इतक्या जिद्दीने चंक्रमण करी की पायांची कातडी फाटून वाट रक्ताने माखली. तरी चित्त स्थिर होईना. तो निराश झाला. तथागतांनी त्याला विचारले, तू वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर समजले. संथ व्यायामाचे सारे शास्त्र या कथेत आहे. ताणायचे नाही आणि ढिले पडायचे नाही.

चीनशी आपले जुने नाते

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू नालंदा महाविहारात राहिला. त्याने आपल्या ग्रंथात भारतीय भिक्षूंच्या रोजच्या आचाराची बारीकसारीक नोंद केली आहे. त्यात एक प्रकरण चंक्रमणावर आहे. भारतात भिक्षू आणि गृहस्थ दोघेही नियमाने येरझाऱ्या घालतात, त्याने दुखणी दूर राहतात आणि अन्न पचते, असे तो आपल्या देशातील लोकांना कळवतो. म्हणजे तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी एक चिनी माणूस आपल्याकडून संथ हालचालीची गोष्ट शिकत होता. त्याच शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. आधुनिक काळात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि रुग्णसेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावले. देणे-घेणे असे चालत आले आहे. आता आपण त्यांच्याकडून काही घेतले तर त्यात कमीपणा नाही.

मात्र खरे ते खरे सांगितले पाहिजे. ताई ची हा बौद्ध आचार नाही. तो मुळात स्वसंरक्षणाच्या कलेतून आला. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी सतराव्या शतकात चेन वांगटिंग यांच्यापासून त्याचा माग लागतो. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी तो राजधानी बीजिंगला नेला. त्यामागे ताओ विचारांची छाया आहे. चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य जनतेसाठी यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला तो १९५६ साली. ज्या वर्षी नागपूरला लाखो लोक धम्माची दीक्षा घेत होते, त्याच वर्षी. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही, पण लक्षात ठेवायला बरा. तो संपूर्ण क्रम करायला पाच-सहा मिनिटे लागतात. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने ताई ची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

शंका आणि समाधान

आमच्याकडे काही बांधवांनी शंका घेतली की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हे करावे का. शंका घेणे चांगलेच आहे. कालामांना तथागतांनी हेच सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, गुरू म्हणतो म्हणून स्वीकारू नका. त्या कसोटीला ताई ची लावून पाहू.

या व्यायामात कोणत्याही देवाची पूजा नाही, मंत्र नाही, अंगारा नाही, दक्षिणा नाही. 'ची' नावाची अदृश्य ऊर्जा शरीरात वाहते असे त्याचे जुने शिक्षक सांगतात. ते मानण्याची गरज नाही. आम्ही ते मानत नाही, तरी गुडघे सैल होतात आणि तोल सावरतो. झांग सानफेंग नावाच्या सिद्धपुरुषाने पक्षी आणि साप यांची झुंज पाहून ही कला शोधली अशी दंतकथा आहे. बोधिधर्माने चीनला जाऊन सर्व युद्धकला शिकवल्या अशीही एक आवडती कथा आपल्याकडे सांगतात. इतिहासकार या दोन्ही कथा खऱ्या धरत नाहीत. आपल्याला अभिमान वाटतो म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. ही शिस्त बाबासाहेबांनीच आपल्याला लावली.

मग पुरावा काय? अमेरिकेत अटलांटा येथे ७० वर्षांवरील २०० माणसांवर प्रयोग झाला आणि १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. १५ आठवडे ताई ची शिकलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. २०१२ साली कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा असे २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल सुधारला, आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात एकूण व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी, तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने २४ टक्क्यांनी, तर ताई चीने १९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. ताई चीबाबतचा हा पुरावा तितकासा भक्कम नाही असेही त्याच अहवालात म्हटले आहे. म्हणजे ताई ची ही जादू नाही आणि एकमेव मार्गही नाही. ज्यांना योगासने जमतात त्यांनी ती करावीत, ज्यांना चालायला मोकळा रस्ता आहे त्यांनी चालावे. ज्यांना हे दोन्ही जमत नाही त्यांच्यासाठी हा तिसरा मार्ग आहे. ताई चीने मधुमेह बरा होतो, रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात असे कोणी सांगू लागले तर त्याच्यापासून दूर राहा.

आमचा आठ हालचालींचा क्रम

चिनी क्रमातील नावे गमतीची आहेत. 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'ढगांसारखे हात', 'माकडाला मागे सारणे'. २४ हालचाली लक्षात ठेवणे ज्येष्ठांना जड जाते म्हणून आम्ही त्यातल्या तत्त्वांवर आठच हालचाली बसवल्या आहेत आणि काहींना आपल्या ओळखीची नावे दिली आहेत. प्रत्येक हालचाल सहा वेळा. सर्व मिळून पंधरा मिनिटे.

पहिली, उभे राहणे. पायांत खांद्याइतके अंतर. गुडघे ताठ नाहीत आणि वाकलेलेही नाहीत, किंचित सैल. डोक्यावर पाण्याचा हंडा असताना मान आणि पाठ जशी राहते तशी ठेवा. आमच्या मायबहिणींना हे कोणी शिकवायला नको. दोन्ही तळवे जमिनीला कुठे टेकले आहेत ते मनाने पाहा. एक मिनिट.

दुसरी, हात उचलणे. श्वास घेत दोन्ही हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत, श्वास सोडत खाली. खांदे वर चढू देऊ नका. पाण्यात बुडवलेला हात जसा जड आणि संथ हलतो तसा.

तिसरी, भार बदलणे. हात कमरेशी. सारा भार हळूहळू उजव्या पायावर न्या, मग डाव्यावर. एक पाय भरलेला, दुसरा रिकामा. ताई चीचे मर्म येथे आहे. माणूस पडतो तो भार कोणत्या पायावर आहे याचे भान सुटल्यावर.

चौथी, जाते. दोन्ही हात पोटासमोर, जात्याचा खुंटा धरल्यासारखे, आणि मोठे वर्तुळ. ज्यांनी दळण दळले त्यांना ठाऊक आहे की जाते हाताने ओढले तर खांदे भरून येतात, कमरेने ओढले तर ओवी म्हणता म्हणता पायली संपते. तसे कमरेतून फिरा. सहा वेळा उजवीकडून, सहा वेळा डावीकडून.

पाचवी, ढगांसारखे हात. एक हात चेहऱ्यासमोरून जातो, दुसरा पोटासमोरून. कंबर वळते, हात तिच्यामागे येतात, नजर वरच्या हाताबरोबर जाते. मुळशीच्या डोंगरावरून श्रावणात ढग जसे सरकतात, घाई नाही आणि थांबणेही नाही.

सहावी, करकोचा. एक हात वर कपाळाशी, दुसरा खाली मांडीशी. पुढच्या पायाची टाच किंचित उचललेली. खाचरात बगळा उभा असतो तसे क्षणभर थांबा. तोल जात असेल तर टाच उचलू नका, किंवा खुर्चीच्या पाठीला धरा.

सातवी, चिखलातले पाऊल. भातलावणीच्या चिखलात आपण पाय कसा टाकतो? आधी टेकवतो, जमीन चाचपतो, मग भार टाकतो, मग मागचा पाय काढतो. अगदी तसेच, सपाट जमिनीवर. आधी टाच, मग तळवा, मग भार. सहा पावले पुढे, वळायचे, सहा पावले परत. तथागतांचे चंक्रमण आणि चिनी ताई ची येथे एकमेकांना भेटतात.

आठवी, समारोप. दोन्ही तळहात पोटावर. तीन श्वास. मग हात सोडून स्वस्थ उभे राहा. ज्यांना वाटेल त्यांनी या वेळी मैत्री भावना करावी; प्रथम स्वतःविषयी, मग शेजारी उभ्या असलेल्याविषयी, मग ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याविषयी.

काही पथ्ये आहेत, ती पाळलीच पाहिजेत. रुपयातले अकरा आणेच ताकद लावा, पाच आणे हातचे राखा. हात दुखेपर्यंत उचलू नका, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका. श्वास कोंडू नका. ज्यांना हृदयविकार आहे, चक्कर येते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा सांधा बदलला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेह असलेल्यांनी उपाशीपोटी येऊ नये, आणि पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी करू नये. गुळगुळीत तळाची स्लीपरही नको, सपाट आणि पक्क्या तळाचा बूट घालावा. पावसाळ्यात ओल्या अंगणात नव्हे, आत कोरड्या जमिनीवर करावे. छातीत दुखले, दम लागला तर तत्काळ थांबावे आणि सोबत्याला सांगावे. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी खुर्चीवर बसून पहिल्या पाच हालचाली कराव्यात. त्यांना वर्गातून वगळू नये.

एकट्याने नव्हे, संघाने

आता शेवटचा मुद्दा. आमच्या पाहण्यात असे आहे की घरी एकट्याने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो आणि दहा जणांनी मिळून सुरू केलेला टिकतो. पसेनदीला सुदस्सन लागला, तसा आपल्याला सोबती लागतो. एखादे आबा दोन दिवस आले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या दारी जाते. कधी ते नुसते झोपलेले असतात, कधी आजारी असतात, कधी घरात मन दुखावलेले असते. त्यांचे दार वाजले, हाच निम्मा उपचार. मोठमोठ्या इमारतींत राहायला गेलेल्या आपल्या माणसांना आज सर्वांत मोठे दुखणे कोणते असेल तर एकटेपणाचे. त्यावर गोळी नाही. संघ हेच त्याचे औषध आहे.

इथून जवळच, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. त्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून माणसे पायी चालत आली होती. पुढच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत, त्यापलीकडे बेडसे, भाजे आणि कार्ले. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने तेथे काढले, चैत्यगृहात स्तूपाभोवती सावकाश पावले टाकली. म्हणजे सावकाश आणि सावध चालण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. आपण ती विसरलो होतो, चीनच्या वाटेने तिची आठवण आली.

म्हणून आमची आपणास नम्र विनंती आहे. प्रत्येक गावच्या विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून किमान तीन दिवस, वंदनेनंतर पंधरा मिनिटे यासाठी राखावीत. वर्गाला फी ठेवू नये. बायकांनी मागच्या रांगेत उभे राहण्याची प्रथा येथे तरी मोडावी. ज्यांनी जाते ओढले आणि भात लावला त्यांनीच पुढे उभे राहून शिकवावे. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी नातवंडांना बरोबर आणावे. त्यांना मोबाइलमधून मान वर करायची सवय लागेल आणि आपल्याला त्यांचा हात धरायला मिळेल. तरुण मंडळींनी जयंतीच्या वर्गणीतून दहा भक्कम, हाताच्या खुर्च्या विहारासाठी घ्याव्यात. तोल सावरायला धरण्याजोगी खुर्ची ही आमच्या पिढीला दिलेली मोठी देणगी ठरेल.

फार बोलणे झाले. आता ज्यांना शक्य आहे त्यांनी जागेवर उभे राहावे. चपला बाजूला सारा, दोन हात अंतर घ्या, ज्यांना आधार हवा त्यांनी खुर्ची पुढे ओढून घ्या. गुडघे सैल. खांदे सैल. दोन्ही तळवे जमिनीवर. श्वास घ्या, आणि हात सावकाश वर येऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!